डोणीकाठचे होले

१

सगुणाबाईंचा नेम होता. अंघोळ उरकली, तुळशीला पाणी घातलं, की कळशी कमरेवर घेऊन त्या ओढ्याकाठच्या डोणीकडं निघायच्या. पाखरांचं पाणी झाल्याशिवाय स्वतः पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. डोणी म्हणजे एका अखंड काळ्या दगडातून कोरून काढलेली लांबट कुंडी. त्यांच्या मालकांनी, रखमाजींनी, भर तारुण्यात स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन ती कोरली होती. गेल्या माघात रखमाजी गेले. दिवसकार्य आटोपलं तसं सगुणाबाईंनी भैरवनाथापुढं पदर पसरून शब्द दिला, की त्यांच्या माघारी ही डोणी घटकाभरसुद्धा कोरडी पडू देणार नाही.

आता पुन्हा माघ आला होता. गेले काही दिवस डोणीपाशी एखाददुसरा होला, कबुतराच्या कुळीतलं ते तपकिरी पाखरू, मरून पडलेला दिसे. मांजराचं काम असेल म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पण रात्री कडाक्याची थंडी पडली, आणि सकाळी पाहतात तो डोणीच्या पायथ्याशी होलेच होले. पंख पसरलेले, माना मातीत टेकलेल्या. मधूनच एखादा पारवा. काठावर एक होला अजून जिवंत होता, चोच उघडी टाकून बसलेला. त्यांनी हात पुढं केला तरी तो उडाला नाही.

बांधापलीकडं गेनबाची ज्वारी हुरड्यात उभी होती आणि गेनबा गोफण खांद्यावर टाकून तिथंच उभा होता.

सगुणाबाई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. कळशी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "पाखरांनी तुजं काय खाल्लं व्हतं रं, गेनबा?"

दुपारपर्यंत हे एक वाक्य वाडीभर झालं. भोंगवलीच्या पलीकडची ही वाडी, उंबरे मोजकेच. कुणाला आठवलं, की दिवाळीनंतर ह्याच बांधावर गेनबा तणतणला होता, "एक दिस समद्या पाखरांस्नी औषीद घालतो." कुणाला त्याच्या बांधावर कीटकनाशकाची रिकामी बाटली दिसली. सरकारी माणसं येऊन मेलेली पाखरं बर्फाच्या डब्यातून तपासायला घेऊन गेली, तेव्हा आधी सगळ्यांना आपापल्या कोंबड्यांची धास्ती पडली. पण निरोप आला, बर्ड फ्लू नाही. वाडीनं सुस्कारा सोडला, आणि त्याच सुस्काऱ्यात गेनबा पुरता अडकला. रोग नाही, म्हणजे विषच.

देवस्थानचे पंच आनंदराव यांनी निवाडा केला. पुनवेच्या छबिन्याला भैरवनाथाच्या पालखीपुढं दिवटी धरायचा मान गेनबाच्या घराण्याचा. यंदा ती दिवटी त्याच्या हातात द्यायची नाही. पाखरं मारलेल्या हातानं देवाला उजेड दाखवायचा नाही.

गेनबानं ऐकून घेतलं, घरी आला आणि खुंटीवरचं मुंडासं उतरवून पेटीत ठेवलं. त्याची लेक मंगल कापूरहोळला दिलेली. ती तशीच टेम्पोत बसून माहेरी आली, आणि बापाचं तोंड बघून तिनं मोबाईल काढला.

२

फोन गेला तो पुण्यात, डॉक्टर शेफालीला. शेफाली पाखरांची डॉक्टर. लोकांचे बोलके पोपट, लव्ह बर्ड्स, पतंगाच्या मांजानं कापलेल्या घारी, असं सगळं तिच्या टेबलावर यायचं. पण मंगलला ती डॉक्टर म्हणून आठवली नाही. तिला आठवली मास्तरांची शेफाली. दोघी ह्या वाडीच्या शाळेत एका पाटीवर लिहीत मोठ्या झाल्या होत्या. शेफालीचे वडील तिथं मास्तर, आणि मास्तरांची खोली डोणीपासून हाकेच्या अंतरावर.

"पुनव परवा हाय," मंगल म्हणाली. "बा जेवत न्हाई. तू ये, न्हाईतर त्याला आमी हातानं घालवू."

शेफाली आली. कापूरहोळच्या फाट्यावर गाडी वळवली आणि तिचा हात आपसूक काचेकडं गेला. पूर्वी इथं एसटी थांबायची, वडील तिला खिडकीतून बोरं घेऊन द्यायचे. आता तिथं पंक्चरचं दुकान होतं. पुढचा रस्ता रुंद झाला होता, तरी वळणं तीच होती. प्रत्येक वळण ती येण्याआधीच ओळखत होती, आणि तिला त्याचं बरं वाटलं.

गेनबानं तिला ओळखलं, पण हसला नाही. "डाक्टरीण झाली म्हनं तू. आता माजी तपासनी करायची का पाखरांची?"

"पाखरांची, तात्या. तुमची मंगल करते आहे."

"तिचं औषीद लई कडू," म्हातारा म्हणाला, आणि त्या दिवसातला पहिला घास त्यानं मोडला.

शेफाली मंगलजवळ माजघरातच झोपली. पहाटे जाग आली. काकडा नुकताच थांबला होता. चुलीचा धूर, शेणसड्याचा वास, गोठ्यात म्हशीची साखळी. सगळं जागच्या जागी होतं. ती डोळे मिटून लहानपणीची सकाळ एकेक करून मोजत राहिली. काकडा झाला, मग साखळी, मग...

मग काहीतरी होतं. ह्या दोहोंच्या मागून यायचं आणि त्यावर आई हाक मारायची, "ऊठ, शाळेची वेळ झाली." काय होतं ते? ती कान देऊन पडून राहिली. उजाडलं, पण ते आलं नाही.

३

सगुणाबाई डोणीपाशीच भेटल्या. वाकल्या होत्या, चेहरा मात्र तोच, कपाळावरचं कुंकू तेवढं नव्हतं. शेफालीनं वाकून नमस्कार केला तशा त्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

"मास्तरांची पोर. किती वाळलीस गं. पुण्यात जेवत न्हाईत का?"

"काकी, होले कुठं पडले होते?"

"हितंच समदे. पान्याशी." त्यांनी कळशी डोणीत उपडी केली. डोणी काठोकाठ भरली. "वरीस झालं, येक दिस खंड न्हाई. ताप आला तरी आले. दाने तिकडं टाकते, त्या फरशीवर. त्यांचा नेम हुता, मी चालवते."

शेफालीनं डोणीभोवती फेरी मारली. दगडाच्या आतल्या अंगाला हिरवा बुळबुळीत थर होता. बाहेर पायथ्याशी, ओलीत, कोवळे कोंब उगवले होते. तिनं एक उपटून पाहिला. ज्वारीचा. दाणे टाकायची फरशी चांगली लांब. मग ज्वारी इथं कुणी पेरली?

झुडपाखाली एक ताजा मेलेला होला सापडला. तिनं हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं आणि त्याच्या छातीवरून अंगठा फिरवला. मांस नव्हतंच. मधलं हाड विळ्याच्या धारेसारखं वर आलं होतं. गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. रिकामी.

"काकी, मेलेल्या पाखरांचं काय केलंत?"

"सरकारी मानसांनी नेली थोडी. काई पुरली. काई कावळ्यांनी ओढली, त्येंच्याफुडं कुनाचं चालतंय?"

"मग कावळे मेले?"

"कशाला मरतायत? पितरांचं खाऊन मातलेत," सगुणाबाई म्हणाल्या. वरच्या बाभळीवरून एक कावळा त्याच वेळी ओरडला. "बघ, नाव काढलं."

"कोंबड्या?"

"कोंबड्या, साळुंक्या, चिमन्या, समद्या धडधाकट. ह्ये गरीब होले आन् पारवेच तेवढे. गेनबाला त्येंचाच राग."

शेफाली बांधाआड उकिडवी बसून राहिली. उन्हं वर आली तसे होले उतरले. त्यातला एक पिसं फुगवून मागं रेंगाळत होता. त्यानं फरशीवरचा दाणा टिपला, मान वर केली, मान हलवली, आणि दाणा चोचीतून खाली पडला. पुन्हा टिपला, पुन्हा पडला. मग तो चोचीत दाणा घेऊनच डोणीकडं आला, पाण्यात चोच बुडवली, आणि दाणा काठावरून पायथ्याशी गेला.

ज्वारी कुणी पेरली, ते तिला कळलं.

तिनं ओढणी टाकून तो होला अलगद धरला. त्याच्यात धडपडायचंही त्राण नव्हतं. दोन बोटांनी चोच उघडली आणि आत पाहिलं. घसा वाळलेल्या खरवसासारख्या पिवळ्या गोळ्यानं भरला होता.

४

गेनबा बाजेवर बसून होता. शेफालीनं समोर पाट ओढला.

"तात्या, औषध घालीन म्हणालात हे खरं?"

"म्हनलो. त्वांडानं म्हनलो. राखन करून करून जीव जातो, तवा मानूस म्हनतो." त्यानं बांधाकडं हात केला. "ती बाटली वांग्याच्या अळीची. आन् पोरी, रखमाजीच्या पाखरांस्नी म्या मारीन व्हय? आमी दोघांनी बैलगाडीतनं त्यो दगूड आनलाय. त्यानं कोरला, म्या पानी मारलं. दुपारी टाकी बोथट झाली की दोघं बिडी वडत बसायचो."

"काकींनी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"तिनं इचारलं न्हाई. तिनं ठरवलं." त्याचा आवाज खाली आला. "त्यो गेला आन् समदं सुकलं बघ. माजा लसनाचा वाफासुदिक वाळला. त्यो व्हता तवर वाफ्याला कधी येगळं पानी द्यावं लागलं न्हाई."

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून शेफालीनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिचं डोकं दुसरीकडं होतं.

रोग तिनं ओळखला होता. बाहेर ओट्यावर मंगलला तिनं सांगितलंही. "विषानं मेलेलं पाखरू भरल्या पोटी मरतं. दाण्यातूनच विष जातं ना? आणि ते खाणारे कावळेही मागोमाग लोळतात. इथं होले उपाशी मेले, दिवसेंदिवस झुरून. थंडीनं फक्त शेवटचा धक्का दिला. बर्ड फ्लू असता तर कोंबड्या आणि कावळे आधी गेले असते. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, मान वळते, कोंबड्या मरतात. देवी असत्या तर डोळ्यांभोवती आणि पायांवर फोड दिसते, ते नाहीत. हा घशातला रोग आहे. डोळ्यांना न दिसणारा एक जीव असतो, ट्रायकोमोनास म्हणतात त्याला. तो होल्या-पारव्यांचाच वैरी. माणसाला त्याचं काही होत नाही."

"मग तपासनीत कसा घावला न्हाई?"

"त्यांनी बर्ड फ्लू शोधला, तो नव्हता, तसं त्यांनी खरं सांगितलं. आणि हा जीव मेलेल्या पाखरात फार टिकत नाही. बर्फात तर नाहीच. जिवंत पाखराच्या घशातून काढून गरम असतानाच बघावा लागतो."

"म्हंजे बा सुटला."

"सुटेल. पण लोक विचारतील, आला कुठून? त्याचं उत्तर नसेल, तर उद्या म्हणतील गेनबानं रोग घातला."

डोणीपाशी कोंब उपटताना तिच्या हाती आणखी एक वस्तू आली होती. शेवाळाला चिकटलेली. तिनं ती रुमालातून काढली. एक पांढरंशुभ्र पीस.

"होल्यांत पांढरं कुणी नसतं, मंगल. पांढरी कबुतरं इथं कोण पाळतं?"

मंगलनं समोरच्या पत्र्याच्या घराकडं पाहिलं. छपरावर जाळीचं खुराडं होतं आणि त्यावर, भर उन्हाचं, गोणपाट ओढलेलं होतं.

५

पत्र्याचं घर पप्पूचं. तो कापूरहोळला गॅरेजमध्ये कामाला जायचा. आज घरीच होता. तीस-बत्तिशीचा, बायकोपेक्षा कबुतरांवर जास्त जीव, असं वाडी म्हणायची आणि त्याची बायकोही म्हणायची.

"माजी पाखरं आजारी न्हाईत. बघा की." त्यानं गोणपाट सारलं. आत पांढरी जोडी घुमत होती, डोळे तकतकीत, अंग भरलेलं. "दिवाळीत वेल्ह्याच्या बाजाराला गेलो, तवा आनली. येकदम कडक."

"सुंदर आहेत," शेफाली म्हणाली, आणि ते खरं होतं. "पाणी कुठं पितात?"

"हितंच. वाटीत."

"आणि उडवतोस तेव्हा?"

त्यानं गोणपाट पुन्हा पुढं ओढलं. शेफालीनं रुमालातलं पीस त्याच्या हातावर ठेवलं. "अंडी घातली असतील ना ह्यांनी? पिल्लं कुठं आहेत, पप्पू?"

पप्पूनं ते पीस बोटात फिरवलं. मग जिन्याच्या पायरीवर बसला. "ग्येली. दोन येळा. दोन्ही येळा पिवळं त्वांड हून ग्येली. म्या परसात पुरली. तेवढ्यात सरकारी गाडी आली. म्हनलं कळलं तर माजं खुराडंच रिकामं करतील." त्यानं वर पाहिलं. "ताई, ही जोडी तर धडधाकट हाय. मग कसं वो?"

"मोठ्या पाखराच्या घशात तो गुपचूप राहतो, त्याला काही होत नाही. पिल्लाला भरवताना पिल्लात जातो, पाणी पिताना पाण्यात. ह्यांना मारायचं नाही, औषध द्यायचं. मी देते. पण तुझ्या गप्प बसण्यानं दिवटी कुणाच्या हातून गेली, ते तुला ठाऊक आहे."

पप्पू मान खाली घालून बसला. "गेनबातात्यानं मला पवायला शिकवलंय," एवढंच बोलला.

परत येताना शेफालीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. रोग सापडला, आणणारा सापडला. पण एक काटा राहिलाच. परगावची कबुतरं ह्या वाडीत पूर्वी काय आली नसतील? तिच्या लहानपणी पप्पूच्या चुलत्याकडंही कबुतरं होती, तीही डोणीवर उतरायची. तेव्हा कधी असे होले मेले नाहीत. मग ह्याच वर्षी एका जोडीनं एवढा थवा कसा आजारी पाडला? जणू कुणी त्या जिवाला पाण्यात सांभाळून ठेवलं होतं.

ती डोणीपाशी थांबली. शेवाळाचा हिरवा थर. डोणीच्या बुडाशी एक भोक, त्यात चिंध्यांचा बोळा, वर्षभर न काढलेला, दगडासारखा झालेला. तिथून निघालेला छोटा पाट बांधाखालून गेनबाच्या वाफ्यात जात होता. पाटात धूळ होती. आणि टोकाला, वाळलेला लसूण.

त्यो व्हता तवर वाफ्याला कधी येगळं पानी द्यावं लागलं न्हाई.

पहाटेचा तो हरवलेला आवाज तिला एकदम ऐकू आला. खर्र, खर्र, खर्र. देवापुढच्या नारळांचा काथ्या आणि चुलीतली राख घेऊन दगड घासायचा आवाज. मग बोळा काढल्यावर पाणी पाटातून गेनबाकडं पळायचं, उन्हाची तिरीप पडून सुकेपर्यंत डोणी रिकामी राहायची, आणि मग काकी कळशी घेऊन यायच्या. रखमाजी होते तोवर डोणी रोज कोरडी पडत होती.

शेफाली काठावर टेकली. रहस्य उलगडलं होतं, आणि ते कुणाला सांगावं लागू नये असं तिला वाटत होतं.

६

पुनवेच्या सकाळी भैरवनाथाच्या सभामंडपात वाडी जमली. आनंदराव खांबाला टेकून बसले होते. शेफालीनं गाडीतला छोटा सूक्ष्मदर्शक चौरंगावर मांडला. मंगलनं चहाची किटली आणली.

"चहा तपासनार का?" आनंदरावांनी विचारलं.

"चहा आपण पिणार. किटलीवर मला काच उबदार करायची आहे."

तिनं कापडात गुंडाळलेला आजारी होला हळूच घेतला, कापूस लावलेली काडी त्याच्या घशातून फिरवली, कोमट मिठाच्या पाण्याच्या थेंबात बुडवली आणि किटलीच्या झाकणावर तापवलेल्या काचेवर तो थेंब टाकून भिंगाखाली सरकवला. मोबाईल वर धरल्यावर पडद्यावर नासपतीच्या आकाराचे जीव धक्के देत पळू लागले.

आनंदराव वाकून बराच वेळ पाहत राहिले. "ह्ये तर ओढ्यात पोरं उंडारावी तसं उंडारत्यात की."

"हे होल्यांचे मारेकरी. विष असं पळत नाही." तिनं कावळ्यांपासून रिकाम्या पिशवीपर्यंत एकेक गोष्ट समजावली. मंडपात कुजबुज झाली. मग कुणीतरी विचारलंच, "पर आलं कुठनं म्हनायचं ह्ये?"

शेफालीनं पप्पूकडं पाहिलं नाही. त्याला त्याचा वेळ दिला. मागच्या रांगेतून तो स्वतः उठला.

"माज्या कबुतरांतनं," तो म्हणाला. "मला पिल्लांचं ठाव हुतं. भ्यालो आन् गप बसलो. तात्या, शिव्या घालायच्या तर आत्ताच घाला, समद्यांम्होरं."

गेनबा कोपऱ्यात उघड्या डोक्यानं बसला होता. "शिव्या उधार राहू दे," तो म्हणाला. "आदी त्वा त्यास्नी औषीद पाज."

आनंदरावांनी घसा साफ केला. "गेनबा, दिवटी..." एवढं म्हणून ते उठले, देवापुढची दिवटी आणून त्यांनी स्वतः गेनबापुढं ठेवली.

गेनबानं ती उचलली नाही. तो सगुणाबाईंकडं पाहत होता. त्यांनी कुणाकडंच पाहिलं नव्हतं. त्या उठल्या आणि हळूहळू डोणीच्या वाटेला लागल्या. शेफाली मागोमाग गेली.

डोणीपाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "सांग लेकी. वरीसभर पानी मीच पाजलं न्हवं?"

शेफालीला खोटं बोलता आलं नाही. "काकी, रोग कबुतरांनी आणला. पण तो पाण्यात टिकून राहिला. हा जीव कोरड्यात जगत नाही. ऊन लागलं की मरतो. काका रोज..."

"घासायचे," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी डोणीच्या काठावर तळवा ठेवला. "मी म्हनायची, अवो, किती घासाल, दगूड झिजंल. ते हसायचे. मला वाटलं त्यांचा नेम पानी घालायचा. तो माजा हुता. त्यांचा नेम घासायचा हुता. मी अर्दाच उचलला, आन् देवाला शबूद दिला कोरडी पडू देनार न्हाई म्हनून."

"आता ती काही दिवस कोरडीच ठेवावी लागेल. दाणेही बंद. पाखरं पांगली पाहिजेत."

सगुणाबाई देवळाच्या शिखराकडं पाहत राहिल्या. शब्द देवाला दिलेला होता, आणि तो धनी गेल्याच्या दुःखातून दिलेला होता. असा शब्द मोडणं काय असतं, ते नेम पाळणाऱ्यालाच कळतं. मग त्यांनी पदर खोचला.

"डोनी कोरडी, तवर मी एकभुक्त. त्यो समजून घील. पाखरं त्याचीच हायेत." त्या खाली बसून बोळा ओढू लागल्या. तो निघेना.

मागून एक हात आला. गेनबाचा. त्यानं खिळा घालून बोळा उचकटला. हिरवं पाणी बाहेर आलं. सवयीनं ते पाटाकडं धावलं तसं शेफालीनं मातीचा आडवा बांध घातला. "हे पाणी खड्ड्यात, वर चुना. लसणाला पुढचं."

"गेनबा," सगुणाबाई खाली बघतच म्हणाल्या, "म्या तुला इचारायला पायजे हुतं."

"व्हय," गेनबा म्हणाला. बोळा बाजूला टाकून म्हणाला, "काथ्या हाय का घरात, का त्यो बी त्याच्यासंगं ग्येला?"

त्या रात्री छबिन्यात दिवटी गेनबाच्याच हातात होती आणि डोक्याला पेटीतलं मुंडासं होतं. पालखी ओढ्याशी आली तेव्हा दिवटीचा उजेड रिकाम्या डोणीत पडला. दगडावरचे टाकीचे घाव, वर्षभर शेवाळाखाली बुडालेले, एकेक करून दिसले.

शेफाली पुन्हा आली ती गुढीपाडव्याला, कुणी न बोलावता. पहाटे काकडा थांबला. म्हशीची साखळी वाजली. आणि मग, चुकतमाकत, नव्या हाताचं असावं तसं, खर्र, खर्र सुरू झालं. ती अंथरुणातच पडून राहिली. आता आई हाक मारील असं क्षणभर खरोखर वाटलं.

ती ओढ्याकाठी गेली तेव्हा डोणी उन्हात वाळत होती आणि पाटातून पाणी लसणाच्या वाफ्याकडं चाललं होतं. गेनबा काथ्या झटकत होता. सगुणाबाई भरली कळशी घेऊन डोणी वाळायची वाट पाहत बसल्या होत्या. फरशीवर मूठभर दाणे होते. बाभळीवरून एक होला उतरला, इकडंतिकडं पाहिलं, एक दाणा टिपला आणि मान वर केली.

तिघंही हलायची थांबली.

होल्यानं दाणा गिळला, आणि दुसऱ्या दाण्याकडं चालू लागला.